भोकांची पत्रं

मलिद्याच्या दिवशी कमळाकर माझ्या घरी आला, दारात चपला काढल्या, भिंत धरत धरत खुर्चीपर्यंत पोचला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर स्वतःची टोपी ठेवली आणि स्कूटर लावून मागून आलेल्या नातीला म्हणाला, "ये गो प्रांजल. घर बारकं हाय, पन तुजी जागा धरून ठेवलीय." एवढंच. कुणाला काही वाटलं नाही. मी पेणहून आलेल्या पाहुण्यांना पाणी देत होतो, तो तसाच थांबलो आणि तांब्यातलं पाणी माझ्याच पायजम्यावर सांडलं. लोक हसले. ऐंशी उलटलेला माणूस, हात कापतो बिचाऱ्याचा, असं म्हणाले असतील. माझा हात कापत नाही. त्या हाताने मी केसाएवढ्या तारा डाग देऊन जोडल्या आहेत. कमळाकरच्या तोंडून माझ्या बायकोचं वाक्य बाहेर पडलं होतं, हे त्याचं कारण. अबीगेलला जाऊन अकरा महिने झाले. तिला अमेरिकेत माती देऊन मी पनवेलला परत आलो, इस्राएल आळीपासून पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर एका खोलीचा हा फ्लॅट घेतला, सुखरूप पोचलो म्हणून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रवास सांभाळणाऱ्या पैगंबराचे, आभार मानायला चार लोक बोलावले, गोड पोह्यांचं ताट मांडलं, खजूर ठेवले, फळं ठेवली, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनात म्हणून पेणपर्यंत फोन केले, आणि हा गृहस्थ, जो आमच्यातला नाही, दहांत धरायचाही नाही, तो येऊन तिचं वाक्य माझ्या खुर्चीवर टोपीसारखं टाकून मोकळा झाला.

वाक्य तंतोतंत तेच. चालसुद्धा तीच, 'पन'वर जरा रेंगाळायची. अबीगेल पनवेलच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी, तिचं मराठी इतकं स्वच्छ की माझ्या आईला ती बोलायला लागली की दडपण यायचं. 'हाय' आणि 'नाय' तिच्या तोंडात चुकून यायचं नाही. फक्त ह्या एका वाक्यात यायचं. अमेरिकेतल्या पहिल्या घरात, म्हणजे तळघरातल्या त्या ओल आलेल्या खोलीत, एकाच पलंगावर ती भिंतीकडे सरकून म्हणायची, "घर बारकं हाय, पन तुजी जागा धरून ठेवलीय." पुढे मोठं घर झालं, तेव्हाही म्हणायची. शेरॉनच्या शाळेच्या कार्यक्रमात पुढून तिसऱ्या रांगेत खुर्चीवर कोट टाकून बसायची आणि मी ऑफिसातून उशिरा, घामाघूम पोचलो की तेच. मी हसायचो. आपल्या गावाकडच्या खाडीकाठच्या बायका बोलतात तशी नक्कल करते आहे असं समजायचो. त्रेपन्न वर्षांत एकदाही विचारलं नाही की हे कुठलं गं काढलंस? शेवटी दवाखान्यात तिने नळ्या लावलेल्या हाताने पलंगाच्या कडेवर दोनदा थोपटलं. आवाज नव्हता, ओठ हलले, पण मला वाक्य कळलं. मी कडेवर बसलो. नर्स ओरडली तरी उठलो नाही.

मलिदा आटोपला, प्रार्थना झाली, लोकांनी पोहे खाल्ले. कमळाकरने दोनदा घेतले. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते मघाशी प्रांजलला काय म्हणालास रे? जागा धरून ठेवलीय?" त्याचा चमचा थांबला. "असंच," तो म्हणाला, "तोंडात बसलंय." प्रांजल म्हणाली, "आजोबा नेहमीच म्हणतात. लग्नाला जा, बँकेत जा, टोपी ठेवून जागा धरतात आणि वर हे." कमळाकरने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. चोरी पकडल्यावर माणसं बघतात तसा खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीबाहेर बघण्यासारखं काय आहे? समोरच्या इमारतीचे एसी.

ते गेल्यावर मी ताटं घासायला घेतली आणि माझं पोट दुखायला लागलं. पोह्यांनी नव्हे. कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही तेव्हा पोटात दुखतं म्हणतात, ते खरोखर पोटातच दुखतं, बेंबीच्या जरा वर. ह्या कमळाकरमुळे ते मला नव्याने होत नव्हतं. तो उरणकडचा, मच्छीमाराचा पोरगा, शिकायला पनवेलला मावशीकडे राहिला आणि आठवीपासून माझ्या बाकावर बसला. गणितात मी पहिला, पण लोकांना आवडायचा तो. माझी आई, जी देवावरही संशय घ्यायची, ती त्याला म्हणायची, कमळाकर, तू रोज येत जा. तो आमच्याकडे मासळी आणायचा तर खवल्यांचीच आणायचा. कोळंबी कधी आमच्या उंबऱ्यापाशीसुद्धा आणली नाही. आम्हाला ती चालत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला अशा गोष्टी लक्षात ठेवता येत नाहीत. मी इंजिनियर झालो, तो पोस्टात तारमास्तर झाला. माझं लग्न झालं तेव्हा मांडवात पाणी वाढत होता, आणि अबीगेलने त्याच दिवशी मला विचारलं होतं, तो उंच, हसरा मुलगा कोण? मी म्हटलं, पोस्टात आहे. म्हणजे बघा, तेव्हासुद्धा मला दुसरं काही सांगता आलं असतं.

मग लग्नानंतर अकरा महिन्यांनी मी गेलो. एकोणसत्तर साल. बॉस्टनच्या बाहेर, हायवेला लागून, एका कंपनीत. आम्ही कॉम्प्युटर बनवायचो. कपाटाएवढा असायचा आणि त्याला 'मिनी' म्हणायचे. पगार आठवड्याला मिळायचा, बर्फ गुडघ्यापर्यंत यायचा आणि सगळ्यांना वाटायचं की मी भारतातला म्हणजे मला योगासनं येत असणार. अबीगेल पनवेलला, माझ्या आईवडिलांजवळ. तिचे कागद व्हायला वेळ लागणार होता. मी पत्र लिहायचो, पण परदेशातून आलेलं पत्र आमच्या आळीत एकट्याचं नसायचं. वडील चष्मा लावून ओसरीवर मोठ्याने वाचायचे. आई, काका, शेजारच्या दोन म्हाताऱ्या, सगळी ऐकायला. त्या पत्रात मी बायकोला काय लिहिणार? थंडी आहे, प्रकृती ठीक, प्रार्थना करतो. म्हणून मी युक्ती काढली. आमच्या कंपनीत पंच करायची कार्डं ढिगाने वाया जायची, जाड पुठ्ठ्याची, पत्राच्या पाकिटात बसतील अशी, एकेका कार्डावर ऐंशी रांगा, आणि मशिन त्या रांगांत चौकोनी भोकं पाडायचं. प्रत्येक मराठी अक्षराला मी एक भोकांचा आकार ठरवला. तक्ता केला, तो अबीगेलच्या भावाच्या पत्त्यावर गुपचूप पाठवला. मग मशिनवरचं अक्षरं छापायचं बटण बंद करून नुसती भोकं पाडायची आणि ओसरीवरच्या पत्रासोबत एक कार्ड टाकून द्यायचं. आई विचारायची, ही भोकं कसली गो? अबीगेल सांगायची, ह्यांच्या कामाचा नमुना आहे. ऐंशी रांगांत किती मावणार? पण जे मी तोंडाने कधी बोललो नाही ते मी त्या कार्डांवर बोललो. तिच्या मानेवर उजवीकडे तीळ होता, त्यावर मी एक आख्खं कार्ड खर्च केलं. चारचौघांच्या देखत मशिनचा खडखडाट करत उभा राहून मी तीळ पंच करत होतो आणि मला घाम फुटला होता.

आणि मग ते एक कार्ड. ते मी कधी विसरलो नाही. एकाहत्तरच्या मार्चमध्ये मला काढून टाकलं. मला एकट्याला नव्हे, आमच्या अख्ख्या मजल्याला. इंजिनियर लोक पेट्रोल पंपावर काम करत होते. मी तळघरात राहत होतो, चौघांत एक शेगडी, आणि वर मालकीणबाईचा कुत्रा रात्रंदिवस नखं वाजवत फिरायचा. माझी हिंमत गेली, सरळ सांगतो. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना मी एक कार्ड पंच केलं: येऊ नकोस. मी इथे काही होऊ शकत नाही. तू मोकळी आहेस. आणि पाठवून दिलं. महिनाभराने तार आली: कमिंग ट्वेल्थ जून. मी ती तार हातात घेऊन तारऑफिसच्या पायरीवर बसलो आणि रडलो, येणारेजाणारे बघत होते. मी ये म्हटलं म्हणून कुणीही आलं असतं. मी नको म्हटलं आणि ती आली! विमानतळावर तिने त्या कार्डाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मोठेपणा म्हणतात तो हा, असं मी समजलो. त्यानंतर त्रेपन्न वर्षं मी प्रत्येक भांडण हरलो. पडदे तिच्या पसंतीचे, शेरॉनची शाळा तिच्या पसंतीची, तिची आई आमच्याकडे चार महिने राहिली तरी मी ब्र काढला नाही. तोंड उघडणार, एवढ्यात मनात यायचं, बाबा रे, तू हिला येऊ नकोस म्हणाला होतास आणि ही आली. की मी गप्प. माझ्या आयुष्यात ती एकच गोष्ट कमावलेली होती. कॉम्प्युटर काय, मी बनवलेला एकेक कॉम्प्युटर पंधरा वर्षांत भंगारात गेला.

आता तीन दिवस मी घरात फेऱ्या मारत होतो. त्या दोन वर्षांत, मी नसताना, त्या दोघांचं काय होतं? ऐंशी उलटल्यावर माणसाने असा विचार करू नये म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांचं वय चाळीस आहे ते म्हणतात. दर सहासात वर्षांनी आम्ही पनवेलला यायचो तेव्हा अबीगेल शेरॉनला माझ्या आईकडे ठेवून हट्टाने त्याच्याकडे जेवायला जायची, मला आठवायला लागलं. चांगली साडी नेसायची. त्याची बायको सोनाबाई तळलेली मासळी वाढायची आणि ते दोघं कशावर तरी हसायचे, मी घड्याळ बघत असायचो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला, चोपन्न वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर, जी झाली की नाही हेही माहीत नाही. त्यातच शेरॉनचा फोन आला. ती तिकडून मराठी बोलते ते आईकडून शिकलेलं, त्यामुळे शुद्ध आणि जरा तुटक. "पप्पा, मी पुन्हा विचारते म्हणून रागावू नका. आईच्या शेजारची जागा. दफनभूमीचे लोक विचारतात, तुम्हाला हवी आहे की नाही? दुसऱ्या एका कुटुंबाला लगेच पाहिजे आहे. शुक्रवारपर्यंत सांगायचं." अबीगेल गेली तेव्हा दोन जागा घेतल्या होत्या, तिची आणि शेजारची माझी. नंतर मी पनवेलला आलो आणि वाटायला लागलं, इथे आईवडिलांच्या पायाशीच पडावं. इतक्या लांब मेलेल्या माणसाला कोण नेणार? ठरत नव्हतं. पण त्या दिवशी पोटातलं दुखणं वर आलं आणि मी म्हणालो, "देऊन टाक." तिकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी शुक्रवारपर्यंत काही कळवत नाही. तुम्ही विचार करा." आईसारखीच चिवट आहे. मी फोन ठेवला, आणि मला इतकं एकटं वाटलं की मी गॅस चालू करून पुन्हा बंद केला, चहा नको होता.

गुरुवारी दुपारी रिक्षा केली आणि कामोठ्याला गेलो. प्रांजल शिकवण्या घेते, खालच्या गाळ्यात तिचा क्लास आणि वर हे दोघं राहतात. कमळाकर गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. "ये," तो म्हणाला, "मी वाटच बघत होतो." आणि शेजारच्या स्टुलावरची टोपी उचलली. ती टोपी बघूनच माझं डोकं फिरलं.

"कमळाकर, तू आणि अबीगेल," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य मला जमवता येईना. "ते वाक्य तिचं होतं. ती आयुष्यभर म्हणायची. तुझ्याकडे कुठून आलं?"

"तिच्याकडं माझ्याकडून गेलं," कमळाकर म्हणाला. असा सरळ. मग मान खाली घालून बोटाने खुर्चीच्या हातावर टकटक करायला लागला, जुनी सवय, तारेच्या खटक्यावरची. "तुला राग येनार हाय. येव दे. ती पत्रं मीच वाचायचो."

"कुठली पत्रं?"

"भोकांची. पयलं कार्ड वहिनी स्वतः वाचायला बसली, चार दिवस लागले. डोकं धरलं तिचं. मंग एक दिवस पोस्टात आली, कमळाकरभाऊजी, तुमचं तारेचं कट्ट-कडकट्ट चालतं, तर हेपन जरा बघा. मी तक्ता दोनदा वाचला नि पाठ झाला. मंग तुझं कार्ड आलं की अकराच्या सुमारास यायची, तवा गर्दी नसायची. मी खिडकीच्या आतून वाचायचो, ती बाहेर उभी. हळू वाचायचो रे. कुनाला ऐकू जात नव्हतं."

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, म्हणून मी तोच विचारला. "तिळाचं पण?"

कमळाकरने वर बघितलं नाही. "तिळाचं पन."

खाली क्लासची मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. मला उठून त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी गुडघे दुखत होते. माझे शब्द. कंपनीतल्या खडखडाटात, लाज बाजूला ठेवून मी पाडलेली भोकं, आणि ती त्याच्या आवाजात तिच्या कानात गेली. मी स्वतः तिला तिळाबद्दल पुढे कधी बोललो का? नाही बोललो. एकदा लिहिलं होतं ना, झालं, असा माझा हिशोब. म्हणजे माझ्या बायकोने तिळाबद्दल आयुष्यात एकदाच ऐकलं आणि ते ह्याच्या तोंडून, पोस्टाच्या जाळीतून, अकरा वाजता. तिने मान खाली घातली असेल. पदर मानेवर ओढला असेल, किंवा ओढला नसेल. मी तिथे नव्हतो. त्याने ते पाहिलं आणि मी नाही पाहिलं.

"मंग एक कार्ड आलं," कमळाकर म्हणाला, "एकाहत्तरच्या उन्हाळ्यात. ते तक्त्याला लागेना. ट ळ झ झ, असलं कायतरी निघायला लागलं. उलटं धरलं, मागून धरलं. मला वाटलं मी विसरलो. तसं नव्हतं."

आणि मला कळलं. त्या मार्चमध्ये मी तक्ता सुधारला होता. जी अक्षरं जास्त येतात त्यांना एकच भोक, म्हणजे वेळ वाचतो. सुंदर काम झालं होतं ते, मला त्याचा अभिमान होता. चालू असलेली गोष्ट सुधारणं हा आमच्या धंद्याचा रोगच. मशिन बनवणारा सुधारणा करतो आणि वापरणाऱ्याला सांगायला विसरतो. नवा तक्ता मी लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता, पुढच्या पत्रात टाकायला. मग नोकरी गेली, टेबल आवरलं, खण कचऱ्यात उपडा केला. कार्ड तेवढं गेलं. मी कपाळाला हात लावला. कमळाकरला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी दिलं.

"मी तिला सांगनार होतो, नाय वाचता येत," तो म्हणाला. "पन अब्राम, तू बघितली नव्हतीस तिला तवा. दोन वर्षं झालेली. कागद झालेले, बाप तिकीट काढायला तयार, नि तुझं ओसरीवरचं पत्र येतंय, थंडी हाय, प्रकृती ठीक. आळीतल्या बाया बोलायला लागलेल्या. हाडं निघालेली तिची. खिडकीत उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काय सांगू, मशिन बिघडला? बायकोला नवरा दुसरं काय लिहिनार? तर मी वाचल्यासारखं केलं. ये. घर बारकं हाय, पन तुजी जागा धरून ठेवलीय. घाईत बोललो, आमच्या बोलीतच आलं तोंडात. मंग जीभ चावली."

"तिला कळलं नाही?"

कमळाकर हसला. तो हसला ते मला आवडलं नाही. चोवीस वर्षांच्या अबीगेलला बघत होता आणि मी तिथे नव्हतो. "तिनं कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग अशी हसली, दोन वर्षांत पयल्यांदा. म्हनाली, भाऊजी, आमचे हे कधीपासून 'हाय' म्हणायला लागले? मी म्हटलं, तिकडं जाऊन बिघडला असंल. त्यावर ती आनखी हसली. नि म्हनाली, तारेचा कागद द्या. तिथंच लिहिलं, कमिंग. मीच मारली तार. ह्याच बोटानं."

माझी तार. तारऑफिसच्या पायरीवर ज्या तारेवर मी रडलो ती तार त्याच्या बोटाची होती. तो उठला, आत गेला आणि पेन्शनचे कागद ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. त्यातून कार्ड काढलं. पिवळं पडलेलं, एक कोपरा कापलेला, नुसती भोकं. "वहिनी मला देऊन गेली. म्हनाली, राहू दे तुमच्याकडं, जमलं कधी तर वाचा. मधून मधून बसतो घेऊन. चोपन्न वर्षं झाली, नाय जमत. आमचं कट्ट-कडकट्ट सोपं होतं." त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. "तू वाच. मला सांग खरं काय होतं. सोनाबाई मरेपर्यंत म्हनायची, तुमी खोटं बोलून दुसऱ्याची बायको सातासमुद्रापार धाडलीत, तिचं वाईट झालं असतं तर? मला झोप लागायची नाय त्या वर्षी. अजून कधी कधी लागत नाय."

मी कार्ड उजेडाला धरलं. बोटांना नवा तक्ता आठवत होता. मीच केला होता ना. ये. ऊ. न. को. स. मला पुढचं वाचायची गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असतो तसा, तोंड जरा उघडं. खरं सांगणं अगदी सोपं होतं. कमळाकर, मी तिला सोडून देत होतो आणि तू माझी बायको मला दिलीस, माझी त्रेपन्न वर्षं, माझी मुलगी, सगळं तू दिलंस. हे बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि मग तो केवढा मोठा झाला असता! आधीच सगळ्यांना आवडतो. माझ्या आईला, माझ्या बायकोला, नातीला, पेणहून आलेल्या लोकांना. मला नाही जमलं. माणूस ऐंशीचा होतो, पण आठवीतला बाक सुटत नाही.

"तू वाचलंस तेच," मी म्हटलं.

"तेच?"

"तेच. ये म्हणून."

"शब्दपन तेच?"

"जवळजवळ. मी 'आहे' लिहिलं होतं."

कमळाकरने डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं त्याला काही झालं. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजे मी तिला फसवली नाय. बरं झालं बाबा, सांगितलंस." टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली. खालचे पाढे संपले होते. मग तो हसून म्हणाला, "म्हंजे त्यात माझं कायच नव्हतं. मी आपला उगाच समजत होतो." आणि रात्री जेवूनच जा म्हणाला. मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं डॉक्टरकडे जायचंय. कार्ड मी खिशात घातलं. त्याने मागितलं नाही, फक्त माझ्या खिशाकडे एकदा बघितलं.

रिक्षात बसलो आणि मला माझीच शिसारी आली. एका शब्दात मी त्याचं पाप घेतलं आणि पुण्यही घेतलं, आणि दोन्ही माझं नव्हतं. कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकली. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि मी ते कार्ड काढून बघत बसलो. तिला माहीत होतं. एवढं तर मला पहिल्या मिनिटालाच कळायला पाहिजे होतं. आमचे हे कधीपासून 'हाय' म्हणायला लागले, असं जी विचारते तिला ते शब्द माझे नाहीत हे माहीत असतं. कार्ड न वाचलेलंच राहिलं हे तिला माहीत होतं. तरी तिने तारेचा कागद मागितला. मी काय लिहिलं असेल ह्याचा तिने अंदाज केला असेल का? ओसरीवरच्या त्या गार पत्रांवरून ओळखलं असेल का? मला माहीत नाही आणि आता कळायचंही नाही. कारण ती मला आयुष्यभर विचारत होती आणि मी हसत होतो. तळघरात, शाळेत, दवाखान्यात, शेकडो वेळा माझ्या तोंडावर ती कमळाकरचं वाक्य कमळाकरच्या बोलीत म्हणाली, आणि मी एकदा, एकदाच विचारायचं होतं, हे कुठलं गं? तिने सांगितलं असतं. ती खोटं बोलणारी नव्हती. मग मीही सांगितलं असतं, की मी नको म्हणालो होतो. आम्ही दोघं त्यावर हसलो असतो. मला त्या हसण्याचा हेवा वाटतोय, जे कमळाकरला मिळालं आणि मला मिळालं असतं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, बरं हाय ना?" मी म्हटलं, चल तू.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. तिकडे सकाळ. शेरॉन कामाला निघायच्या घाईत असणार, तरी मी फोन लावला. "शेरॉन, ती जागा द्यायची नाही," मी म्हटलं. "माझी हाय ती. धरून ठेव."

"पप्पा, नक्की? परवा तर तुम्ही म्हणालात, देऊन टाक."

"नक्की. लोकांना सांग, मालक येणार हाय. वेळ लागेल, पण येणार हाय."

मग रडत होती की हसत होती कळलं नाही, म्हणाली, "तुम्ही आईसारखं काय बोलताय?"

"आईसारखं नाही गं," मी म्हटलं. "कमळाकरसारखं."

"कमळाकर कोण?"

तिला ते नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. तिच्या देखत मी ते कधी घेतलं नव्हतं. खिडकीत समोरचे एसी घरघरत होते आणि माझ्या हातात ते कार्ड होतं. त्याच्या तोंडावर जे बोलता आलं नाही ते मी सात हजार मैलांवर बोललो.

"तुझ्या आईला ज्याने बोलावलं तो," मी म्हटलं. "मी नव्हतं बोलावलं."